खाट तितके पहारेकरी

१३ जानेवारी

मुलगी आज सकाळी परत गेली. जाताना ही वही टेबलावर ठेवली. म्हणाली, आई, बोलायला कुणी नसलं की लिहीत जा, पण खरं लिही, फोनवर "बरी आहे" म्हणतेस तसलं नको. मी विचारलं, तू वाचणार आहेस का? नाही म्हणाली. मग खरं लिहायला हरकत नाही.

हे गेले त्याला चार दिवस झाले. पलंगाशेजारची खुर्ची अजून तिरकीच आहे. शेवटचे सहा आठवडे त्याच खुर्चीत बसून मी त्यांचं काम टाइप केलं. हात थरथरायला लागल्यापासून हे डोळे मिटून सांगायचे आणि मी लिहायची. सातवीत शाळा सुटलेली, लोकांच्या तयार कपड्यांच्या बाह्या आखूड करणारी बाई दवाखान्याच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहीत होती. हे म्हणायचे, शिवताना तुझा टाका चुकत नाही, मग इथला अर्धविराम कसा चुकेल? दोनदा चुकला. दोन्ही वेळा मी वाचून दाखवताना त्यांनी पकडला.

एवढंच. खरं लिहायचं म्हटलं तर जास्त लिहवत नाही.

२० जानेवारी

सकाळी सवयीने दोन कप चहा ओतला. दुसरा टाकून देववेना, म्हणून तोही प्याले.

दुपारी भावजींचा फोन आला. ह्यांच्या शेजारच्या टेबलावर ते बारा वर्षं बसले. मला वहिनी म्हणतात, म्हणून मी भावजी म्हणते. ह्यांच्या नावाने यंत्रात शिरायचा पासवर्ड विचारला. म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे वहिनी, उद्या सकाळी दवाखान्यात नवीन सगळं चालवून दाखवायचंय आणि अडून बसलंय. सांगितला. दोनदा सांगावा लागला, कारण त्यात आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा नंबर उलटा घातलेला आहे. "दादांचं डोकं म्हणजे डोकं," भावजी म्हणाले, आणि दोघंही थोडं हसलो.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. अजून कुणालातरी ह्यांची गरज आहे.

२ फेब्रुवारी

शिवणकामाच्या दुकानात परत जायला लागले. कटिंग मास्तर तोंडाने तिखट आहेत, पण मशीनला तेल घालून ठेवलं होतं आणि माझी कात्री कुणाला वापरू दिली नव्हती.

संध्याकाळी भावजी आले. ह्यांच्या कामाच्या तीन काळ्या वह्या होत्या, त्या मागितल्या. ऑफिसात लागतील म्हणाले. दिल्या. त्या वह्यांत प्रत्येक गोष्ट का केली ते लिहिलेलं असायचं. कशी केली ते यंत्रात असतंच, असं हे म्हणायचे. भावजी बसले नाहीत, चहाही घेतला नाही. खुर्चीकडे बघून लगेच नजर वळवली. बारा वर्षांची सोबत, त्यांनाही जड जात असणार. उगाच आग्रह केला नाही.

११ मार्च

ह्यांच्या कपाटातलं जाड पुस्तक वाचायला घेतलंय. रोज दोन पानं. शाळा सुटल्यापासून हाताला लागेल ते वाचत आले, औषधाच्या पुडीतले कागदसुद्धा, पण इतकं आडमुठं पुस्तक पाहिलं नाही. फ्रेमवर्क हा शब्द पहिल्या तीन पानांत चाळीस वेळा येतो आणि म्हणजे काय ते एकदाही सांगत नाही. मास्तरांनी पिशवीत पुस्तक बघितलं. म्हणाले, आता वहिनी कॉम्प्युटरला अस्तर लावणार.

हे सांगायचे ते कळायचं. म्हणायचे, समज, दुकानाला एक कोठार आहे. कारागिराने कात्री स्वतः बनवायची नाही, आणायलाही जायचं नाही. नुसतं मागायचं, कोठार हातात देतं. फ्रेमवर्क म्हणजे ते कोठार. ते एक वस्तू एकदाच बनवतं आणि जो जो मागेल त्याला तीच देत राहतं. कात्रीचं तसं चालतं. पण मापाची चिठ्ठी?

मी म्हटलं, सगळ्यांना एकच चिठ्ठी दिली तर सगळ्यांच्या पँटी शेवटच्या गिऱ्हाईकाच्या मापाच्या होतील.

ह्यांनी मिटलेले डोळे उघडले. "आमच्या ऑफिसात हे समजवायला मला दोन दिवस लागले होते," म्हणाले.

दवाखान्याच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला त्यांनी एक पहारेकरी दिला होता. पहारेकरी म्हणजे माणूस नव्हे, सॉफ्टवेअरचा एक तुकडा. तो रोग्याची नाडी बघत राहतो. डॉक्टरांनी त्या रोग्यासाठी ठरवलेल्या आकड्याच्या खाली नाडी गेली की नर्सच्या टेबलावर घंटा वाजवतो. आकडा प्रत्येकाचा वेगळा. म्हणून पहारेकरीही खाटेगणिक वेगळा हवा. आता कोठाराची सवय तर एकच बनवून सगळ्यांना वाटायची. म्हणून ह्यांनी पहारेकरी बनवण्याचा नियम स्वतः लिहिला: कुणी पहारेकरी मागितला की आधी खाटेचा नंबर विचार, नवा बनव, त्या खाटेचा आकडा त्याच्यात भर, मग दे. तेवीस ओळी. त्या मी टाइप केल्या. वर आपल्या भाषेत एक ओळ लिहायला लावली, ती यंत्र वाचत नाही, माणसांसाठी असते: "हा नियम काढू नये. खाट तितके पहारेकरी."

शेवटचं काम ते. त्यानंतर त्यांना बोलवेनासं झालं.

२८ मे

मास्तरांनी वर्तमानपत्र पुढे सरकवलं. दवाखान्यात सात नंबरच्या खाटेवरची म्हातारी गेली. नाडी उतरत होती आणि घंटा वाजलीच नाही. नर्स दुसऱ्या खाटेशी होती. वीस मिनिटांनी कळलं.

हाच तो वॉर्ड.

भावजींना फोन केला. म्हणाले, वहिनी, तुम्ही ह्यात डोकं घालू नका, यंत्राच्या तारेचा काहीतरी घोळ असेल. आवाज बसलेला होता. सर्दी झालीय म्हणाले.

६ जून

कंपनीचं पत्र. चौकशी बसली आहे. "प्राथमिक पाहणीत असे दिसते की, पहारेकरी घटकाची निर्मिती दिवंगत अभियंत्याने फ्रेमवर्कच्या नेहमीच्या पद्धतीवर सोडली होती. त्यामुळे बाराही खाटांना एकच पहारेकरी लागू झाला व शेवटी दाखल झालेल्या रुग्णाची मर्यादा सर्वांना लागली." बारा नंबरवर कुणी धावपटू होता, पाय मोडलेला. त्याची नाडी मुळातच मंद, म्हणून त्याचा आकडा चाळीस. म्हातारीचा पन्नास. तिची नाडी वीस मिनिटं चव्वेचाळीसवर रेंगाळली, आणि पहारेकऱ्याच्या हिशेबी सगळं ठीक होतं; नर्स आली तोवर उशीर झाला होता.

पत्र चार वेळा वाचलं. नेहमीच्या पद्धतीवर सोडली होती म्हणे. मग मी ते सहा आठवडे कुणाच्या बाह्या शिवत होते?

मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, तू आजारी माणसाजवळ रात्रंदिवस बसलेली होतीस, नक्की आठवतंय ना? पोटच्या पोरीने विचारलं. मी म्हटलं, तेवीस ओळी. म्हणून दाखवू?

१० जून

वह्या परत मागायला भावजींना बोलावलं. शेवटच्या वहीत तो नियम का केला ते तारखेसकट आहे.

आज बसले. खुर्चीत नाही, पलंगाच्या कडेला. वह्या राहिल्या नाहीत म्हणाले. ऑफिस आवरताना जुने कागद यंत्रात घालून बारीक केले, त्यात गेल्या. मी विचारलं, तुम्ही होतात ना तिथे? होतो म्हणाले. मग गुडघ्यावर हात चोळत राहिले.

जाताना दारात म्हणाले, "वहिनी, चौकशीला जाऊ नका. दादा गेले. त्यांना आता काय फरक पडणार आहे? जिवंत माणसांना पोरंबाळं असतात."

मला वाटलं, मला त्रास होऊ नये म्हणून सांगतायत. पण मग पोरंबाळं कुणाची?

१९ जून

गेले. दुकानातून अर्धा दिवस घेतला. मास्तरांनी न विचारता दिला, वर म्हणाले, पदर नीट घ्या, तिथे लोक कपड्यांवरून माणूस जोखतात. मी बारा वर्षं तेच करतोय.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. सात नंबरच्या म्हातारीची मुलगी. मी कोण ते शिपायाने नाव पुकारल्यावर तिला कळलं. ती उठून दुसऱ्या टोकाला गेली. जाताना म्हणाली, "निदान तुमचे तरी सांगून गेले." खरंच सांगून गेले होते.

चौकशी करणाऱ्या बाई कंपनीने बाहेरून नेमलेल्या आहेत. हळू बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर सरकवून ऐकणाऱ्या. मी सगळा नियम सांगितला. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग एक लांब यादी पुढे ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये कुणी काही बदललं की त्याचं नाव आपोआप टिपलं जातं म्हणाल्या. "नियम होता, हे आम्हालाही सापडलं. पण तो काढलाही त्यांनीच. हे बघा." तेवीस ओळी वजा. माझी वरची ओळसुद्धा वजा. समोर ह्यांचं नाव.

ह्यांनी माझ्या पाठीमागे काढला? मला झोप लागल्यावर, थरथरत्या हातांनी? घरी येईपर्यंत मी ते मानलंसुद्धा होतं. शेवटी शेवटी ते गोंधळायचे, पाण्याला चहा म्हणायचे.

जेवताना आठवलं. नावापुढे तारीख होती. वीस जानेवारी.

हे नऊला गेले.

२० जून

पहाटे उठून ही वही उघडली. वीस जानेवारीचं पान सापडायला वेळ लागला नाही, पुढचं सगळं एवढं थोडं लिहिलेलं आहे.

दोन कप चहा. भावजींचा फोन. सांगितला. दोनदा.

वर लिहिलंय, बरं वाटलं.

२४ जून

भावजींच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं. तिचा चेहरा बघून कळलं, तिला माहीत आहे. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही.

वही पुढे धरली. त्यांनी वाचली नाही, नुसती तारीख बघितली. मग सगळं सांगितलं, जणू पाच महिने कुणी विचारायचीच वाट बघत होते. फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली होती. ह्यांनी लिहिलेला नियम जुन्या पद्धतीचा, नवीत चालेना. यंत्र सुरूच होईना. सकाळी नऊला दवाखान्याचे लोक बघायला येणार. त्या भागाला हात लावायची परवानगी फक्त ह्यांच्या नावाला. ह्यांचं नाव कंपनीने अजून बंद केलं नव्हतं. नियम काढला, पहारेकरी बनवायचं काम कोठारावर सोडलं, आणि झटक्यात सगळं सुरू झालं.

"तपासलं नाहीत?"

"तपासलं ना, वहिनी. एका खाटेवर."

एका खाटेवर चालणारच. एकच गिऱ्हाईक असलं तर एक चिठ्ठी पुरते.

नवीन पद्धतीने नियम पुन्हा लिहायचा होता, वह्या त्यासाठीच नेल्या होत्या, असं म्हणाले. मग दुसरं काम आलं, तिसरं आलं. वर लिहिलेली ओळ वाचली होती का, विचारलं. वाचली होती. काढताना ती ओळही काढावी लागली, म्हणाले, नाहीतर कुणी विचारलं असतं.

मी काही शिव्याशाप दिले नाहीत. द्यायला हवे होते. उठताना म्हणाले, "तुम्ही पासवर्ड दिलात हेही सांगावं लागेल, वहिनी. तेव्हा विचार करा." धमकी नव्हती ती. पाया पडल्यासारखं म्हणाले. धमकी परवडली असती.

१ जुलै

चौकशीत सगळं सांगितलं. मृत्यूचा दाखला यादीशेजारी ठेवला. म्हटलं, मेलेला माणूस अकरा दिवसांनी कामावर येत नाही, एवढं तरी मानाल.

बाईंनी दोन्ही कागदांवरच्या तारखा ताडून पाहिल्या. मग वही मागितली. मी ते एक पान दाखवलं. त्यांनी त्याची प्रत काढून घेतली, विचारून, सभ्यपणे. मग विचारलं, पासवर्ड तुम्हाला मुळात कुणी सांगितला होता?

"ह्यांनीच. त्यांच्या हातांना जमत नव्हतं."

"म्हणजे ते आजारी असताना त्यांच्या नावाने काम तुम्ही करत होता?"

"सांगायचे ते. मी लिहायची."

"पुन्हा एकदा सांगाल? मला नेमकं टिपून घ्यायचंय."

पुन्हा सांगितलं, हळूहळू. त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला, खाली माझी सही घेतली. पाणी दिलं. सहा महिन्यांत माझं एवढं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. येताना पाय हलके वाटले. मुलीला सांगितलं, आता नाव स्वच्छ होईल.

९ ऑगस्ट

अहवाल आला. अठ्ठावीस पानं. शेवटची दोन वाचली की पुरे.

नियम वीस जानेवारीला काढला गेला, हे मान्य. ह्यांनी काढला नाही, हेही मान्य. "मात्र दिवंगत अभियंत्याने आपला पासवर्ड कुटुंबीयांस उघड केला, व अनधिकृत व्यक्तीकडून संवेदनशील काम करून घेतले. सुरक्षिततेची साखळी येथेच तुटली. दुर्घटनेचे मूळ कारण हेच होय." अनधिकृत व्यक्ती म्हणजे मी. नियम काढणाऱ्याचा उल्लेख "उपलब्ध कर्मचाऱ्याने तातडीच्या गरजेपोटी" असा आहे. त्याला समज दिली आहे.

मागे जोडलंय परिशिष्ट पाच. माझं पान. सगळं नाही. "पासवर्ड विचारला. सांगितला. दोनदा सांगावा लागला." एवढंच छापलंय. पाच मिनिटांचं काम आहे, हे नाही. दोन कप चहा नाही. बरं वाटलं, तेही नाही.

काल नुसती चूक ह्यांच्या माथी होती. आज ती सिद्ध झाली, आणि पुरावा माझ्या अक्षरात.

१४ ऑगस्ट

सात नंबरची मुलगी दुकानात आली. गिऱ्हाईक समजून मास्तर टेप घेऊन पुढे झाले, मग माझा चेहरा बघून आत गेले. तिच्या पिशवीत अहवाल होता. सगळा वाचलाय म्हणाली, काही कळला नाही. इतक्या साऱ्या पानांत तिच्या आईचं नाव तीनदा आहे.

स्टुलावर बसली. म्हणाली, "मला दोष कुणाचा ते नकोय. एवढंच सांगा, तुमच्या यजमानांनी केलं होतं तसं राहिलं असतं तर घंटा वाजली असती?"

खोटं सांगता आलं असतं. यंत्राचं काय सांगता येतं, असं म्हटलं असतं तर तिला झोप लागली असती.

"वाजली असती," मी म्हटलं. "पन्नासला."

ती मान हलवत राहिली. मग विचारलं, पासवर्ड का दिलात? मी सांगितलं, कुणालातरी अजून त्यांची गरज आहे असं वाटलं म्हणून. ती उठली. रागावली की नाही, कळलं नाही. दारात थांबून तिने माझ्या मशीनकडे बघितलं, सुईखाली कुणाच्या तरी पँटची शिलाई अर्धवट होती. मग गेली.

मास्तरांनी माझा चहा मागवला. मुद्दाम एकच कप.

३ सप्टेंबर

सकाळी टपालवाला आला. नोंदणीकृत पत्र, कंपनीचं, ह्यांच्या नावाने. "आहेत का? सही त्यांचीच लागेल," म्हणाला. नवीन माणूस आहे, त्याला काय माहीत.

बाहेर गेलेत, म्हटलं. इकडे आणा.

सही मला येते. शेवटच्या महिन्यात बँकेपासून औषधांपर्यंत मीच करत होते; बघून हे म्हणायचे, माझ्यापेक्षा बरी जमते. दारातच केली. टपालवाल्याने बघितलंही नाही.

आत दोन ओळी आहेत. "सुरक्षिततेच्या कारणास्तव आपले संगणक खाते आजपासून बंद करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." खाली विभागप्रमुख म्हणून भावजींची सही. वर चढवलंय त्यांना.

पत्र ह्यांच्या पुस्तकात ठेवलं, जिथपर्यंत वाचून झालंय तिथे. एकशे बारावं पान. मग उरलेला चहा प्याले आणि दुकानात गेले. टपालवाल्याला खरं सांगावं असं एकदाही मनात आलं नाही. ह्यांच्या नावाने काय वाटेल ते केलं तरी चालतं. अठ्ठावीस पानांत एवढं एकच मला नीट कळलंय.